इंटरव्हलपर्यंतचे सर

विज्ञानपटाची वाट पाहणारा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावी किमान एक असतो आणि तो सहसा समोरचा घाईत असतानाच भेटतो. ज्या कथेतून विज्ञानाची कल्पना काढून घेतली असता कथाच कोसळते तो विज्ञानपट, ही व्याख्या त्याचीच; शिवाय तो चित्रपट 'मूळ' असावा, म्हणजे परक्याची नक्कल नसावा, जुन्याचा दुसरा भाग नसावा आणि रामायणाला विजेच्या तारा गुंडाळून उभा केलेला तर नसावाच, अशा त्याच्या अटी असतात. इतक्या अटींत बसणारे स्थळ सहजी मिळत नसल्यामुळे तो उपवर मुलीच्या बापासारखा वर्षानुवर्षे थांबतो आणि अखेर जे चालून येते त्यावर नाराज होतो.

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीत या वर्गाचे प्रतिनिधित्व एक निवृत्त विज्ञानशिक्षक करतात, ज्यांना सारे गाव नुसते 'सर' म्हणते. त्यांचा अभिप्राय ठरलेला असतो: "इंटरव्हलपर्यंत जमला होता." इंटरव्हल, म्हणजे मध्यंतर, ही सामान्य प्रेक्षकाच्या लेखी समोशाची सुटी होय, पण सरांनी तिला मोजमापाच्या एककाचा दर्जा दिला असून सृष्टीतील यच्चयावत घटना ते त्याच मापाने मोजतात. सहामाहीत तरलेला आणि वार्षिक परीक्षेत बुडालेला विद्यार्थी, "इंटरव्हलपर्यंत जमला होता." ऑगस्टपर्यंत कंबरेला लागलेले आणि परतीच्या पावसाने शेंगेतच कोंब फुटलेले सोयाबीन, तेही इंटरव्हलपर्यंत. भावकीतल्या एका लग्नात तिसऱ्या पंगतीला जिलेबी संपली, तेव्हा वधूपित्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी सांत्वनपर असे जे दोन शब्द काढले, ते कोणते होते हे सांगण्याची गरज नाही; वधूपिता मात्र त्यांच्याशी वर्षभर बोलला नाही.

या आजाराचे मूळ शाळेच्या ग्रंथालयातील कपाटात सापडते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा पाठवताना आपली आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' हे नाव धारण केले आणि त्या अनोळखी जगतापांनाच पहिले बक्षीस मिळाले, ही तिथे वाचलेली हकीकत सरांच्या मनावर इतकी कोरली गेली आहे की कोणत्या अपरिचित नावाआड कोण दडलेले असेल याचा नेम नाही, असे म्हणून ते कोणत्याही विज्ञानपटाचे तिकीट काढतात.

त्यातूनच 'लव्ह स्टोरी २०५०' घडले. जुलै २००८ मधील या हिंदी चित्रपटात नायक कालयंत्रात, म्हणजे काळातून प्रवास घडवणाऱ्या वाहनात, बसून मृत प्रेयसीचा पुनर्जन्म शोधण्यासाठी भविष्यातील मुंबईत जातो. अर्धे भौतिकशास्त्र आणि अर्धे गरुडपुराण अशी ही भेसळ सरांना सोसवली नाही. शिवाय २०५० साली मुंबईच्या आकाशात गाड्या उडत असताना कळमनुरीला निदान रुळांवरची तरी गाडी आलेली असेल की नाही, याविषयी दिग्दर्शकाने चकार शब्द काढला नव्हता.

खरा घाव २०१६ चा. त्या वर्षी ११ फेब्रुवारीस शास्त्रज्ञांनी गुरुत्वीय लहरी सापडल्याचे जाहीर केले. दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना अवकाशातच उठलेला आणि सुमारे १३० कोटी वर्षे प्रवास करून पृथ्वीवर पोचलेला तो तरंग होता. पुढच्याच महिन्यात 'फुंतरू' हा चित्रपट येत होता. विज्ञानकथा, तीही मराठीत आणि तीही 'शाळा' काढणाऱ्या सुजय डहाके यांची, हा योग सरांना ग्रहणापेक्षा दुर्मीळ वाटला. दोन पुतण्यांना घेऊन त्यांनी एसटीने नांदेड गाठले आणि वाटेत होलोग्राम, म्हणजे प्रकाशाने उभी केलेली त्रिमिती प्रतिमा, कशी तयार होते हे पुढच्या बाकावरील अनोळखी बाईंनाही समजावून सांगितले. पडद्यावर महाविद्यालयातील मुलाने आवडत्या मुलीचा होलोग्राम उभा केला खरा, पण यंत्राकडे प्रेमाची दलाली तेवढी उरली, असे सरांचे मत झाले. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "इंटरव्हलपर्यंत जमला होता."

धाकट्या पुतण्याची साक्ष निराळी आहे. त्याच्या म्हणण्यानुसार काका पहिल्या वीस मिनिटांतच चुळबुळू लागले होते, आणि मध्यंतरात त्यांनी समोसाही अर्धा टाकला. म्हणजे सरांच्या मापात खोट आहे, आणि ती नेहमी एकाच बाजूला झुकते: कोणतीही गोष्ट सबंध वाईट म्हणणे त्यांच्या जिवावर येते, म्हणून अर्धी ते पदरची घालतात. त्या नापास मुलाच्या सहामाहीच्या गुणांविषयीही आता शंका घेण्यास जागा आहे.

दरम्यान, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या 'लायगो-इंडिया' या वेधशाळेसाठी हिंगोली जिल्ह्यातच, औंढा नागनाथच्या परिसरात, जागा ठरली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये लेझर किरण सोडून प्रोटॉनच्या रुंदीहूनही कितीतरी सूक्ष्म फरक टिपणारे हे यंत्र असल्यामुळे त्याला शक्य तितकी निश्चल जमीन लागते. ज्या जिल्ह्यात काहीच हलत नाही अशी तक्रार आयुष्यभर ऐकली, त्याच्या या गुणाची जगाने घेतलेली ही पहिलीच दखल होती. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली आणि सरांनी ते कात्रण भिंतीवर लावले.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यातच, आखाडा बाळापूरच्या बाजूला होते. भांडी खणखणली, माणसे रस्त्यावर आली, जो तो लेकरे मोजू लागला. सर बनियनवर, हातात दात घासायचा ब्रश घेऊन बाहेर आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "औंढ्याकडं काही झालं नाही ना?"

"सर, तिथं यंत्र आलंय कुठं अजून, पडायला?" शेजारी म्हणाला.

"आलं नाही, म्हणून तर काळजी!" सर म्हणाले, आणि फेस पुसायचेही विसरून औंढ्याच्या दिशेला पाहत उभे राहिले.