मुद्देमाल तळ्यात परत

केंब्रिज,
ऑगस्टचा पहिला आठवडा

तीर्थरूप आप्पांचे चरणी बालक श्रीधरचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मुलांच्या शाळांना सहा आठवड्यांची सुटी लागली असून, या अवधीत अपत्यांचे करावे काय या प्रश्नावर येथील समाजाने काढलेला तोडगा आपल्यासारख्या, उभी हयात मामलेदार कचेरीत घालवलेल्या गृहस्थास पसंत पडेल, या खात्रीने हा मजकूर सविस्तर लिहीत आहे. मुलांना निसर्गाच्या राखीव क्षेत्रात न्यावयाचे आणि त्यांच्या हातून किड्यांचे पंचनामे करवून घ्यावयाचे, असा हा तोडगा आहे.

येथून जवळच विकेन फेन नावाची लव्हाळ्यांनी भरलेली पाणथळ जागा आहे. आसपासची बहुतेक दलदल पूर्वीच्या लोकांनी पाणी काढून नांगराखाली आणली. उरलेला हा तुकडा नॅशनल ट्रस्टने १८९९ पासून थोडाथोडा ताब्यात घेतला, आणि आज ९,००० हून अधिक जीवजाती तेथील दप्तरी दाखल आहेत. तळ्याकाठच्या फळ्यांवर मुलांनी गुडघे टेकावयाचे, पांढऱ्या तबकात प्रथम तळ्याचेच पाणी घ्यावयाचे, मग लांब दांड्याची जाळी पाण्यात फिरवून जे सापडेल ते तबकात उपडे करावयाचे आणि सचित्र तक्त्याबरहुकूम प्रत्येक इसमाची ओळख पटवावयाची, असा शिरस्ता आहे. आमच्या तबकात एक पाणविंचू शेपटीची नळी वर काढून श्वास घेत होता. वाळूचे कण आणि पानांचे तुकडे चिकटवून स्वतःभोवती घर बांधणारी एक अळी होती, जिच्याकडे बांधकामाचा परवाना आहे काय, असे चि. मुक्ताने विचारले; आणि चतुराच्या पिल्लाने आपला दुमडलेला खालचा ओठ एकाएकी पुढे फेकून शेजाऱ्यास ओढून घेतले, तेव्हा तपासाधीन असतानाच नवा गुन्हा घडला. नोंद होताच सर्व मुद्देमाल तळ्यात परत. चि. ओमने एक गोगलगाय खिशात घातली होती, तीही तेथील वृद्ध स्वयंसेविकेने इतक्या अदबीने सोडवून घेतली की, तितकी अदब मला या देशात भाड्याचे घर शोधताना कोणी दाखविली नव्हती.

या भूमीस हातभार लावणाऱ्यांत चार्ल्स रॉथशिल्ड हे प्रसिद्ध सावकारी घराण्यातील गृहस्थ होते, आणि पिसवा जमविणे हा त्यांचा व्यासंग होता. ज्या प्लेगापायी पणजोबांना पुण्याचे घर सोडून झोपडीत राहावे लागले, तो पसरविणाऱ्या उंदरांवरील पिसवेचे शास्त्रीय वर्णन १९०३ साली त्यांनीच प्रसिद्ध केले. १८९७ साली सरकारी शिपाई आपल्या लोकांच्या घरांची झडती घेत होते, त्या वेळी खऱ्या गुन्हेगाराचे नावही कोणाच्या कागदावर नव्हते, हे ध्यानात आले म्हणजे या नोंदी करण्याच्या वेडास हसवत नाही.

रात्री वटवाघळांची फेरी असते. मनुष्याच्या कानास न ऐकू येणारा त्यांचा आवाज एका पेटीतून टकटक ऐकू येतो. परंतु उन्हाळ्यात येथे अंधार इतक्या उशिरा पडतो की, वटवाघळे कामावर रुजू होईपर्यंत मुले पेंगू लागतात.

यापुढील मजकूर आईला वाचून दाखवू नये. दुसऱ्या एका ठिकाणी मुलांपुढे गव्हाणी घुबडाने ओकलेल्या वाळक्या गोळ्या ठेवण्यात आल्या. घुबड भक्ष्य सबंध गिळते आणि न पचलेले केस व हाडे गोळी करून बाहेर टाकते. ती गोळी चिमट्याने उकलून मुलांनी शेतउंदराची कवटी जबड्यासह काळ्या कागदावर मांडली. सौभाग्यवती दाराबाहेर उभी राहिली. घरी आल्यावर तिघांनाही सचैल स्नान घडले.

आता मुख्य विनंती. आपल्या वाड्याच्या माळ्यावर जे घुबड आहे, त्याच्याखाली पडणारे काळे गोळे आई अपशकुन म्हणून झाडून टाकते. दिवाळीत मुले येत आहेत, तोवर ते गोळे कोरड्या डब्यात जमवून ठेवावेत, आणि डबा फराळाच्या डब्यांपासून दूर, शक्यतो आपल्या जुन्या दप्तराच्या कपाटात कुलूपबंद असावा. आईने विचारल्यास सरकारी कागद आहेत असे सांगावे.

कळावे. सौ. आईस साष्टांग नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
श्रीधर