अळंबीच्या नावानं चांगभलं!

माझा मेहुणा हिंजवडीत असतो. म्हणजे नोकरी हिंजवडीत. तो स्वतः बहुतेक वेळ हिंजवडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर असतो. ऐन आषाढात एका रात्री त्याचा फोन आला. "दाजी, मला आता सोडून द्यायचंय."

"नोकरी?"

"ट्रॉमा."

पवना धरणाच्या काठी दोन रात्रींचं 'मशरूम हीलिंग रिट्रीट' होतं. माणशी अठरा हजार, जोडीनं आल्यास सवलत. त्याच्या बायकोनं "मला ट्रॉमासाठी वेळ नाही, पोरांच्या परीक्षा आहेत" म्हणून अंग काढून घेतलं आणि ती सवलत माझ्या गळ्यात पडली.

जाहिरातीत लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली गोंडस अळंबी होती, परीकथेतल्या बुटक्याच्या घरासारखी. आता गंमत अशी, की जिच्या नावानं हा सगळा गोंधळ चाललाय ती सिलोसायबिनवाली, म्हणजे नसलेलं दिसायला लावणारी, अळंबी दिसायला मळकट, तपकिरी, उकिरड्यावर उगवल्यासारखी. लाल टोपीवालीत सिलोसायबिन नसतंच. तिचं विष निराळं. म्हणजे जाहिरात हापूसची आणि चित्र रायवळचं. पण मेहुण्याला हे सांगून उपयोग नव्हता. पैसे भरून झाले होते.

मग अर्ज आला. अमेरिकेत-इंग्लंडात सिलोसायबिनवर इस्पितळांतून रीतसर प्रयोग चालतात, तिथं पहिली चौकशी होते ती घरात कुणाला स्किझोफ्रेनिया वगैरे होता का याची. होता म्हटलं की दारातूनच नमस्कार. आमच्या अर्जात आरोग्याविषयी एकच प्रश्न होता : जेवण रेग्युलर की जैन? मी न राहवून फोन केला. म्हटलं, "अहो, जैन मंडळी भूछत्र खात नाहीत. त्यांचं काय करता?" पलीकडून गोड आवाजात उत्तर आलं, "सर, त्यांच्यासाठी विदाउट मशरूम मशरूम-एक्स्पीरियन्स आहे. फी सेम."

पावसाळी शनिवारी भुशी डॅमच्या दिशेनं निघालेल्या गर्दीत कामशेतपर्यंत पोचायला किती वेळ लागला ते सांगत नाही. एवढंच सांगतो, की जुन्या हायवेवर मेहुण्यानं जी भाषा वापरली तिच्यातच निम्मा ट्रॉमा बाहेर पडला असावा.

जागा मात्र झकास. समोर पाणी, पाण्यापलीकडे धुक्यात बुडालेले तुंग आणि तिकोना. एकेकाळी जिथं इंद्रायणी तांदूळ डोलायचा त्या खाचरावर प्लास्टिकची हिरवळ अंथरलेली, का, तर पायाला चिखल लागू नये. आणि लगेच पहिला कार्यक्रम : अनवाणी चालून धरणीमातेशी नातं जोडणे.

आमचा गाइड तिशीतला, लिननचा सदरा, गळ्यात रुद्राक्ष आणि कसलासा पक्ष्याचा पंख. सगळ्यांना 'ब्रदर' म्हणायचा, बायकांनासुद्धा. ॲमस्टरडॅमला जाऊन शिकून आला होता. (तिथंही २००८ साली अळंबीवर बंदी आली, जमिनीखालच्या तिच्या गाठी तेवढ्या विकतात.) त्यानं गोल बसवलं, डोळे मिटायला लावले आणि हळूच मुद्द्यावर आला. "ब्रदर, कायद्यामुळे आपण 'ती' घेऊ शकत नाही."

हे खरंच होतं. सिलोसायबिन अमली पदार्थांविरुद्धच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहे. व्यापारी प्रमाणात सापडलं तर दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी. जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं एका जामीन अर्जावर म्हटलं, की सबंध अळंबीचं वजन धरू नका, आतलं सिलोसायबिन किती ते बघा. पण तेवढी बारीक तागडी पवनेकाठी कुणाकडे असणार? २००७ साली सिंहगडाच्या पायथ्याशी डोणज्यात पोलिसांनी पोरं धरली तेव्हा त्या प्रकाराला रेव्ह पार्टी म्हणत. आता आवाज कमी झालाय, कपडे पांढरे झालेत आणि जीएसटीचं बिल मिळतं.

"मग आपण घेणार काय?" एका बाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

"तिची फ्रीक्वेन्सी."

फ्रीक्वेन्सी कुल्हडातून आली. कडू कोको, त्यावर दालचिनी. सोबत सूप. सुपात पांढऱ्या बटण मशरूमचे काप होते, भाजीवाल्याकडे प्लास्टिकच्या डबीत दोनशे ग्रॅम मिळतात तेच. "छातीशी धरा, हेतू सांगा, मग प्या," गाइड म्हणाला. सूप निवेपर्यंत सगळ्यांचे हेतू सांगून झाले. माझा हेतू गरम सूप हा होता.

मग व्याख्यान. आपल्या ऋषींचा सोमरस म्हणजे अळंबीच, हे त्यानं इतक्या अभिमानानं सांगितलं, की मंडळींनी ओंकार केला. आता हा शोध लावला कुणी? गॉर्डन वॅसन नावाच्या अमेरिकन बँकरनं, १९६८ साली, आणि बहुतेक अभ्यासकांनी तो मानलेला नाही. हे वॅसनसाहेब जे. पी. मॉर्गन बँकेचे उपाध्यक्ष. १९५५ साली मेक्सिकोच्या डोंगरातल्या वाउत्ला गावी मारिया साबिना नावाच्या वैदूबाईकडे त्यांनी रात्रभर बसून अळंबी खाल्ली आणि १९५७ मध्ये 'लाइफ' मासिकात लेख लिहिला. बाईंचं नाव त्यांनी बदललं होतं, पण लोकांनी हुडकून काढलंच. जगभरातून झुंडी आल्या, मागोमाग पोलीस आले, गावकरी बाईंवर उलटले, तिचं घर जाळलं गेलं. म्हणजे लोणावळ्याचं शनिवार-रविवारी होतं तेच, फक्त जाताना न्यायला चिक्की नव्हती. बाई पुढे कळवळून सांगायची, की अळंबी आम्ही आजाऱ्याला बरं करायला घेत होतो. देव शोधायला म्हणून ती खाणारे हे परदेशी पहिलेच. आमच्या गाइडच्या व्याख्यानात बाईंचा फोटो होता. घर जाळल्याचं नव्हतं.

मला राहून राहून आश्चर्य वाटत होतं ते जागेचं. इथून डोंगराआड लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं. योगानं बरं वाटतं म्हणता, तर दाखवा, असा त्या माणसाचा बाणा. नौली करणाऱ्याच्या पोटातला दाब मोजला, क्ष-किरणांखाली आतडी पाहिली, आकडे 'योगमीमांसा'त छापले. मी गाइडला विचारलं, तुमच्या उपचाराचं मोजमाप काय? तो प्रेमळ हसला. "ब्रदर, ऊर्जा मोजता येत नाही." बिल मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत होतं.

रात्री शेकोटी पेटली, बासरी लागली, आणि अहो आश्चर्यम्! मेहुण्याला दिसू लागलं. तिकोना श्वास घेतोय म्हणाला. मग ढसाढसा रडला. चौथीत वडिलांनी सहलीला पाठवलं नव्हतं, ते निघालं. शेजारच्या गृहस्थांना त्यांची आजी दिसली. विदाउट मशरूमवाल्या काकूंना तर सर्वांत आधी.

हसू नका. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हा प्रयोग झालेला आहे. तेहतीस जणांना सांगितलं, ही सिलोसायबिनसारखी गोळी. दिली नुसती पोकळ. खोलीत गाद्या, रंगीत दिवे, संगीत आणि मध्ये पेरलेली, 'चढल्याचं' नाटक करणारी माणसं. साठ टक्क्यांहून जास्त लोकांना काही ना काही झालंच. कुणाला भिंतीवरची चित्रं हलताना दिसली. २०२० साली हे छापून आलं. आमच्याकडे पेरलेली माणसंसुद्धा नव्हती, सगळं स्वयंस्फूर्त.

चुलीपाशी गावातले एक मामा भांडी घासत बसले होते. ही जमीन पूर्वी त्यांच्याच भावकीची. पाच-सहा माणसं घुमताना त्यांनी शांतपणे पाहिली आणि मला म्हणाले, "एकवीरेला चैत्रात यायला पायजे व्हतं यांनी. तिथं बी येतं अंगात. नारळात भागतं."

सोमवारी निघताना प्रत्येकाला एकेक वही मिळाली, हातकागदाची. 'इंटिग्रेशन जर्नल'. आत्मानुभव ताजा असताना टिपून ठेवायचा. मेहुणा कामशेतपर्यंत कोऱ्या पानाकडे बघत होता.

स्टेशनच्या रस्त्याला एक ठाकर मावशी पळसाच्या पानावर अळंबीचे वाटे मांडून बसली होती. रानातली, वारुळावरची. हिची शेती कुणाला जमलेली नाही. वाळवीच तिची माळीण, पावसात चार दिवस ती देईल तेवढीच. मेहुण्यानं गाडी थांबवली. एक अळंबी उचलून त्यानं उजेडात धरली, वास घेतला, छातीपाशी नेली. मावशी बघत राहिली.

"मावशी," त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, "ही खाल्ल्यावर काय होतं?"

"भाकरी दोन जास्ती जात्यात."

मेहुण्यानं दोन वाटे घेतले, गाडीत बसला, वही उघडली आणि तारीख घालून लिहिलं : भाकरी, दोन जास्त.