बसलेली गाडी

मराठीत काय काय बसतं! घसा बसतो, धंदा बसतो, दातखीळ बसते. पण गाडीही बसते, आणि तीही उंटासारखी पुढचे पाय दुमडून, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कोथरूडच्या पार्किंगमध्ये कळलं.

गाडी जर्मन, २०१४ची, तीन लिटर डिझेल. नवी होती तेव्हा किंमत ७० लाखांच्या घरात. मी ती २०२१मध्ये १७ लाखांना घेतली, म्हणजे ५३ लाख वाचवले. हा हिशेब मी घरात तीनदा समजावून सांगितला. चौथ्यांदा बायको म्हणाली, "मग ते ५३ लाख ठेवलेत कुठे?"

तर या गाडीला पोलादी स्प्रिंगा नाहीत. चारही चाकांवर रबराच्या, हवा भरलेल्या पिशव्या. त्यात हवा भरायला एक कॉम्प्रेसर आणि उंची मोजायला प्रत्येक कोपऱ्यात सेन्सर. जर्मनीतल्या गुळगुळीत रस्त्यावर या पिशव्या सुखात म्हाताऱ्या होत असतील. माझ्या गाडीने चार पावसाळे पुण्याचे काढले. एका पिशवीला चीर गेली, की हवा गळते. सेन्सर तक्रार करतो. बिचारा कॉम्प्रेसर पुन्हा हवा भरतो. ती पुन्हा गळते. असं करता करता कॉम्प्रेसरच जळून जातो. मला त्याच्याविषयी आतून माया वाटली. दर महिन्याच्या एक तारखेला मीही हेच करतो.

शोरूममध्ये नेली. कॉफी उत्तम होती. तिच्यामागून आलेलं इस्टिमेट ३ लाख ८० हजारांचं. विमा कंपनीला फोन केला, तर तिकडची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "सर, झीज कव्हर होत नाही." अपघात झाला असता तरी रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा धरतात म्हणे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला हे इतक्या गोड आवाजात ऐकवू नये.

मग नाना पेठेतून सुटे भाग आणणारा एक मेस्त्री गाठला. त्याने गाडीखाली डोकं घातलं, पिशव्यांवर साबणाचं पाणी मारलं, बुडबुडे बघितले आणि वैद्यबुवांसारखा बाहेर आला. "शोरूमला कशाला गेलात? बाहेरच्या पिशव्या टाकू. कॉम्प्रेसरसकट एक चाळीस." एक चाळीस म्हणजे १ लाख ४० हजार. "नाहीतर पिशव्या काढून स्प्रिंगाच टाकू. विषयच संपला." राजवाड्यातल्या झोपाळ्याच्या कड्या काढून तिथे प्लॅस्टिकची खुर्ची मांडावी, तसं मला वाटलं. मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

विकायचं ठरवलं. एजंट म्हणाला, "आहे तशी सहा. उभी असती तर साडेसात." शिवाय त्याने मला दिल्लीचा इतिहास ऐकवला. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना तिथे २०१५मध्ये हरित लवादाने रस्ता बंद केला, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. तेव्हापासून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन इकडे येतात आणि आपले भाव पाडतात. माझ्या पार्किंगमधल्या गळक्या पिशवीमागे इतकं मोठं राजकारण असेल, असं वाटलं नव्हतं.

रात्री कागद घेऊन बसलो. शोरूममध्ये दुरुस्त करून विकली, तर ३ लाख ८० हजार घालून दीड लाख जास्त मिळणार. मेस्त्रीकडे केली, तर १० हजार सुटणार. आणि एकदा ती ताठ उभी राहिली, की विकायची कशाला? पण विकायची नसेल, तर मग दुरुस्त करायलाच हवी. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. बायकोने तिसरा मार्ग सुचवला, "रिक्षा."

यात कोणी आईला विचारलं नव्हतं. तिला बाकी गाडीत काहीच बिघाड दिसत नव्हता. तिचे दोन्ही गुडघे गेल्या वर्षी बदलले. त्याआधीपासून ही गाडी म्हणजे तिला सिंहगडच. पायथ्याशीच दम लागायचा. "आता किती छान झालीय," ती म्हणाली. "आपली आपण खाली येते." आणि मी विकायचं नाव काढताच, "माझे गुडघे गेले तेव्हा एक्स्चेंजमध्ये काय मिळेल, असं विचारलं होतंस का रे?"

शनिवारी सकाळी एजंट गिऱ्हाईक घेऊन आला. गाडी पुढून गुडघे टेकून बसलेली. गिऱ्हाईक खूश. "ही आपोआप खाली येते? चढायला सोपं पडावं म्हणून? असं फीचर असतं, मी वाचलंय." एजंटने माझ्याकडे पाहिलं. मी गुलमोहराकडे पाहिलं.

"फीचर कसलं," लिफ्टमधून बाहेर येत आई म्हणाली, "बिघडलीय ती." आणि दोघांच्या मधून वाट काढत ती पुढच्या सीटवर अलगद बसली, पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली.

"चल, साडेदहाची वेळ दिलीय डॉक्टरांनी."