परदेशी पेपरातले साहेब

परदेशी पेपरात शिवसेनेची बातमी आली की मी आधी शिवाजी महाराज कुठल्या ओळीत आहेत ते शोधतो. असतातच. सतराव्या शतकातला एक योद्धा राजा, एवढं सांगून बातमीदार पुढे सरकतो. आमच्या घोडपदेवच्या नाक्यावर हे वाक्य कुणी उच्चारलं, तर ‘बरं नाही का वाटत?’ म्हणून लोक त्याला आधी बसवतील. पण त्या बिचाऱ्याचा वाचक ओस्लोत नाहीतर ओहायोत. त्याला महाराज ठाऊक नाहीत, मग घोडपदेव कुठून असणार? दादरच्या टॅक्सीवाल्यालाही ‘कॉटनग्रीनच्या बाजूला’ असं सांगावं लागतं.

१७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार. परदेशातल्या भाचरांनी तिकडच्या बातम्या धडाधड पाठवल्या. सगळीकडे मसाला तोच: व्यंगचित्रकार, काळा चष्मा, रुद्राक्षाच्या माळा, सिगार, बिअर, वाघ, हिटलरचं कौतुक आणि १९९२-९३ ची दंगल. शेजारच्या काकांना मी मराठी करत वाचून दाखवलं. बिअरपर्यंत काका खूश होते. दंगलीचा परिच्छेद आला तसे चहाचं काय झालं ते बघायला आत गेले.

त्या दंगलीवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली विधिमंडळात मांडला गेला, पण आमच्या नाक्यावर त्याचं नाव क्वचितच निघतं. बाहेरच्या बातमीदाराला सकाळी त्याच गल्लीतून दूध आणायला जायचं नसतं, म्हणून तो हे बिनदिक्कत लिहितो. लिहितो हे बरंच आहे. अंत्यसंस्कारानंतर फेसबुकवरच्या मजकुरावरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, तेव्हाही जगाचे कॅमेरे शिवाजी पार्कवरून थेट पालघरला वळले. आम्ही अजून गर्दी किती लाखांची यावरच वाद घालत होतो.

बाहेरच्या बातमीदाराला दिसत नाही ती सेनेची शाखा. बाहेर फळ्यावर खडूनं लिहिलेलं रक्तदान शिबिर, त्याखाली कुणाची तरी भावपूर्ण श्रद्धांजली, आत ट्यूबलाइटखाली बाकडं. बाकड्यावर केईएममध्ये खाट मिळेना म्हणून आलेला एक, रेशनकार्डावर सुनेचं नाव चढेना म्हणून आलेली एक, आणि वरच्या मजल्यावरचं पाणी खाली गळतं म्हणून तावातावानं आलेले दोघे, एक वरचा, एक खालचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, तेव्हा घरी बसलेल्या पोरांना ‘अरे, ये’ म्हणणारी जागा हीच होती. याला तिकडे ‘रस्त्यावरची ताकद’ म्हणतात. ताकद होतीच, पण तिचा निम्मा वेळ गळक्या मोरीत जायचा. सहाशे शब्दांत मोरी बसत नाही, हेही खरं.

आता मात्र त्या ठरलेल्या परिच्छेदाची पंचाईत झाली आहे. २०२२ मध्ये सेना फुटली. पुढच्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगानं पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण फुटून निघालेल्या एकनाथ शिंद्यांना दिला, उद्धव ठाकऱ्यांच्या हाती मशाल. हे ओहायोच्या वाचकाला एका वाक्यात समजावायला कुणी आमच्या काकांकडे आलाच, तर काका आधी विचारतील, ‘तुम्ही कुठल्या बाजूचे?’ चहा त्यानंतर.