सोफा हलणार नाही

नवी मुंबई हे आखून-रेखून वसवलेलं शहर. 1970 साली सिडको आली. तिने सेक्टर पाडले, भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव खोदले, स्टेशनांच्या डोक्यावर कार्यालयं बांधली. सोफ्याच्या मागे दोन स्पीकर मावतील एवढी जागा मात्र कुणीच सोडली नाही. वाशीपासून खारघरपर्यंत कुठल्याही टू बीएचकेत जा. समोरच्या भिंतीवर टीव्ही, मागच्या भिंतीला पाठ लावून सोफा, एका अंगाला बाल्कनीची सरकती काच, दुसऱ्या अंगाला किचनकडे जाणारा पॅसेज. बसवा यात 5.1 सराउंड!

तरीही लोक बसवतात. दिवाळीचा सेल लागला की खोक्यावरचे आकडे वाचून घेतात. पूर्वी या आकड्यांना पीएमपीओ म्हणत. टेबलावर मावणाऱ्या सेटवर बिनदिक्कत हजारो वॅट छापलेले असत आणि ते वाचून शेजाऱ्यांची छाती दडपत असे. पीएमपीओ गेला, आता अ‍ॅटमॉस आला. अ‍ॅटमॉसमध्ये पाऊस डोक्यावरून पडतो म्हणतात. स्वस्तातल्या साउंडबारमध्ये तो वरून पडल्याचा नुसता भास घडवतात. महागड्यात वर तोंड केलेले स्पीकर असतात, पण त्यांचा आवाज छतावर आपटून खाली यावा लागतो. त्याला छत सपाट हवं. आपल्या छताला पीओपीच्या तीन पायऱ्या, त्यात लपवलेले दिवे आणि मधोमध गरगरणारा पंखा. उलवेकरांना तरी डिसेंबर 2025 पासून शेजारच्या विमानतळाने डोक्यावरचा आवाज फुकटात दिला आहे. बाकीच्यांनी खोक्यावर समाधान मानावं.

मग येतो फिटिंगवाला. फिटिंग फ्री असतं, त्यामुळे तो घाईत असतो. केबल खोचतो, हेलिकॉप्टरचा डेमो लावतो, आवाज काच थरथरेपर्यंत वाढवतो.

‘काका, साउंड येतोय ना?’

‘येतोय.’

‘मग हॅपी कोड सांगा.’

कोड मिळाला की तो लिफ्टमध्ये. सराउंड चालू आहे का, हा प्रश्न त्याने विचारला नाही आणि काकांनाही सुचला नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर टीव्हीच्या मागे असतं. तिथे एचडीएमआयची तीन-चार भोकं असतात, पण ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ सहसा एकावरच लिहिलेलं असतं. यातली साधी एआरसी 2009 च्या एचडीएमआय 1.4 बरोबर आलेली. टीव्हीतल्या अ‍ॅपचा आवाज त्याच केबलने उलटा अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो. केबल शेजारच्या भोकात गेली तर चित्र दिसेल, पण टीव्हीचा आवाज परत जायचा नाही. भोक बरोबर असेल तर सीईसी नावाची सेटिंग चालू करावी लागते. कुठल्याही कंपनीला हे नाव सरळ लिहायची लाज वाटते. सॅमसंग त्याला अ‍ॅनीनेट प्लस म्हणते, एलजी सिम्पलिंक आणि सोनी ब्राव्हिया सिंक.

हेही जमलं तर शेवटची खोच बाकी असते. टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर ठेवलेलं असलं, की साध्या एआरसीवरून पाच वाटांचा आवाज दोन वाटांत कोंबून पुढे जातो. ऑप्टिकल केबलवरही तेच. तिथे ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पासथ्रू’ निवडायचं असतं. निवडलं नाही तरी अ‍ॅम्प्लिफायर बिचारा दोन वाटांतून मागच्या स्पीकरसाठी काहीबाही कुजबुज काढून देतो. तेवढ्यावर मालक खूश! खरं-खोटं करायला अ‍ॅम्प्लिफायरचा डिस्प्ले वाचावा. तिथे ‘डॉल्बी’ उमटलं तर ठीक. ‘पीसीएम’ दिसलं, तर पाच स्पीकरच्या पैशात आपण स्टीरिओ ऐकतो आहोत.

आता वायर. स्पीकरच्या पारदर्शक वायरीत बहुतेक वेळा एक तार तांब्याच्या रंगाची असते आणि एक चांदीसारखी. एक लाल खुंटीत, एक काळ्या खुंटीत. कुठली कशात, याला महत्त्व नाही. दोन्ही टोकांना सारखीच हवी, याला आहे. एका स्पीकरला उलट लागली तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, खर्ज एकमेकांत विरून जातो आणि आवाज नेमका कुठून येतोय ते कळेनासं होतं. त्यावर आपला हमखास उपाय म्हणजे व्हॉल्यूम वाढवणे.

जागेचा हिशोबही काही गुपित नाही. समोरचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर, संवादांचा सेंटर टीव्हीखाली आणि मागचे दोन 110 अंशांच्या आसपास, म्हणजे कानांच्या बाजूला आणि किंचित मागे. पण हॉलचा कारभार इंटीरियरवाल्याच्या हाती असतो. वायरीसाठी आधी पाइप टाकलेला नसतो आणि नव्या भिंतीवर केसिंग-कॅपिंगची पट्टी कुणालाच नको असते. त्यामुळे पाचही स्पीकर टीव्ही युनिटवर ग्रुप फोटोला उभं केल्यासारखे ओळीत उभे राहतात. सेंटर सनमायका लावलेल्या कप्प्यात कोंडलेला, पुढ्यात पितळी हत्ती. हत्तीमागून नायक बोलतो, म्हणून घरात सगळे म्हणतात, ‘हल्ली नट पुटपुटतात.’

बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरबरोबर एक छोटा माइक येतो. बसायच्या जागी कानाच्या उंचीवर तो ठेवला, की यंत्र प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि जोर स्वतःच मोजतं. आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम फूटभर जातो, त्यामुळे जवळच्या स्पीकरला थोडं थांबवून लांबच्याला गाठू द्यावं लागतं. हे काम फुकटात होतं, म्हणूनच कुणी करत नाही. माइक ड्रॉवरमध्ये, जुन्या चार्जरच्या वेटोळ्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीची गाठही न सुटलेला.

राहिला ‘पॉइंट वन’, म्हणजे सबवूफर. हा मात्र जोडायचा राहिला असं घर सापडायचं नाही. 40 हर्ट्‌झच्या खर्जाची एक लाट सुमारे अठ्ठावीस फुटांची; आपला हॉल पंधरा फुटांचा आणि पार्टिशन चार इंची. कोपऱ्यात ठेवलेल्या सबवूफरचा अर्धा सिनेमा खालच्या मजल्यावरच पाहिला जातो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण मोजणी डीबी-ए मापात होते आणि या मापात खर्जाची किंमत बरीच कमी धरतात. म्हणजे मीटरची तक्रार नसेल तेव्हाही खालच्या आजींची असू शकते. आजी बरोबर असतात.

एवढं करून पाहायचं काय, तर रात्री साडेआठची मालिका. तिच्यात सासूचा चेहरा तीनदा वळतो आणि दर वळणाला वीज कडाडते. सेट-टॉप बॉक्समधून ती बहुधा दोनच वाटांनी येते, पण अ‍ॅम्प्लिफायरवर ‘ऑल चॅनल स्टीरिओ’ लावून आपण ती पाचांतून कडाडवतो. याउलट, 1975 साली मुंबईत ‘शोले’ सहा ट्रॅकच्या आवाजात लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हात लागला आणि तिथे पाच वर्षं चालला. तिथे स्पीकर थिएटरवाल्यांनी लावले होते, खुर्च्याही त्यांनीच मांडल्या होत्या. त्याच लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतून आपण अ‍ॅम्प्लिफायर आणतो, थिएटर घरी आलं म्हणून पेढे वाटतो आणि खुर्ची मात्र इंटीरियरवाल्याला विचारून ठेवतो. सोफा हलणार नाही, यावर सगळ्या घराचं एकमत असतं.

तेव्हा यंदाच्या सेलमध्ये कार्ड घासण्याआधी घरी आहे त्या सेटचा टेस्ट टोन लावा आणि डोळे मिटून बसा. आवाज डावीकडून, मधून, उजवीकडून, मग उजव्या मागून आणि डाव्या मागून फिरत आला, तर नवं काही घेऊ नका. नाही आला, तर केबल, सेटिंग, तारा आणि जागा या क्रमाने तपासा. बहुतेक दुरुस्ती बिनपैशाची निघेल. आणि मागच्या दोघांना जागा देणं खरंच शक्य नसेल, तर सराउंडचा नाद सोडून दोन चांगले स्पीकर घ्या. भलत्या जागी ठेवलेल्या पाचांपेक्षा योग्य जागी ठेवलेले दोन केव्हाही सरस.