पत्ता न सांगणारे नाना

परतवाड्याचे नाना तलाठी म्हणून निवृत्त झाले. कुणाच्या बांधावर कुणाचा आंबा आणि तो सातबाऱ्यावर कधी चढला, हे त्यांना आजही तोंडपाठ. अशा माणसाच्या वाट्याला म्हातारपणी एक झाड असं आलं, की मेलं तरी त्याचा पत्ता सांगायचा नाही. मेळघाटातल्या त्या झाडाच्या ढोलीत रानपिंगळ्याचं घरटं आहे.

बरं, गप्प बसावं तर तेही जमत नाही. आपल्याला माहीत आहे हे गावाला कळलंच पाहिजे. काय माहीत आहे ते मात्र कळता कामा नये. म्हणून टपरीवर आले की नाना आधी दुर्बीण टेबलावर ठेवतात, मग सुस्कारा सोडतात. कुणीतरी विचारतंच.

"दिसला का जी, नाना?"

"दिसला."

"कोठी?"

"झाडावर."

"कोन्त्या?"

"तुले काहून सांगू?"

मग व्याख्यान. १८७३ साली ह्यूमसाहेबानं (तोच, काँग्रेसवाला) या पक्ष्याचं शास्त्रीय बारसं केलं. १८८४ नंतर पक्षी गडप. सापडला तो थेट नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळ, पामेला रासमुसेन आणि तिच्या साथीदारांना. हे सगळं नाना शांतपणे सांगतात. आवाज चढतो तो कर्नल माइनर्ट्झहॅगनपाशी. या गृहस्थानं विलायतेच्या संग्रहालयातला जुना नमुना लांबवला, आतलं भरण बदललं आणि '१९१४, मांडवी, गुजरात' अशी आपल्या नावाची चिठ्ठी लावली.

"बोगस फेरफार!" नाना टेबलावर हात आपटतात. "त्यानं खोटा पत्ता देल्ला. मी पत्ताच देत नाई!"

गावातला साधा पिंगळा आणि हा, यातला फरक दाखवताना ते स्वतःच पक्षी होतात. डोक्यावर हात फिरवून, "इथं ठिपके जवळपास नाहीतच." छातीवर आडवा हात, "इथं गडद पट्टा, खाली पोट पांढरं." शेपटी हलवून दाखवायची वेळ आली की टपरीवाला ग्लास उचलून घेतो. हा घुबडाच्या जातीचा असून दिवसाढवळ्या निष्पर्ण फांदीच्या शेंड्यावर बसतो, याचं नानांना भारी कौतुक. सरकारी नोकरासारखा दिवसपाळीचा आहे, म्हणतात.

२०१४ साली तो मुंबईजवळ तानसाच्या जंगलात दिसला, तेव्हा जगभरचे पक्षीमित्र आनंदले. नाना रुसले. "आता मुंबईवाल्यांना हेही पाहिजे!"

तरी त्यांचा हट्ट खुळा म्हणवत नाही. जगात प्रौढ रानपिंगळे हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे. सागाची जुनी, पोकळ झाडं तुटली की ढोली गेली. त्यात तोफेएवढ्या लेन्स घेऊन येणारे हौशी. ते मोबाईलवर पिंगळ्याची हाक वाजवतात. मादी ढोलीत अंड्यांवर बसलेली, तिच्यासाठी सरडा नाहीतर उंदीर धरायचा सोडून नर त्या मोबाईलमधल्या शत्रूवर धावून जातो. मादी आत उपाशी, फोटो मात्र झकास. असा एक पाहुणा पत्ता मागत आला, तेव्हा नानांनी त्याला भर दुपारी तीन तास हिंडवून गावातल्या शाळेच्या वळचणीचा ठिपकेवाला पिंगळा दाखवला. वर जेवू घातलं. वऱ्हाडी माणूस, लबाडी करेल, पण उपाशी धाडणार नाही.

एवढं करून गुपित फुटलं ते घरातच. नाना झोपेत बोलतात, तेही दप्तरी भाषेत. एका रात्री काकूंनी अख्खी चतुःसीमा ऐकली. पूर्वेस नाला, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस वणव्यात जळालेला मोह, दक्षिणेस वनखात्याची हद्दखूण. सकाळी चहा देताना त्यांनी ती जशीच्या तशी म्हणून दाखवली आणि म्हणाल्या, "मले काय, मी कोनाले सांगत नाई. पण ओटा लई जुना झाला."

दिवाळीपूर्वी ग्रॅनाइटचा ओटा बसला. यंदा काकूंच्या मनात फ्रीज आहे, आणि नाना तोंडाला मफलर बांधून झोपताहेत.