पुण्यात एसी लागत नाही

‘पुण्यात एसी लागत नाही’ असं ठामपणे सांगणाऱ्या पुणेकराच्या घरी एसी असतोच. फक्त तो त्याच्यासाठी नसतो. जावयासाठी असतो, नाहीतर सुट्टीत परदेशातून येणाऱ्या नातवंडांसाठी. कोथरूडपासून सहकारनगरपर्यंत दर सोसायटीत असा एक गृहस्थ सापडतो. आमच्याकडचे अण्णा त्यातला अस्सल नग. त्यांचा खिडकीतला एसी वर्षातले अकरा महिने जुन्या चादरीआड गोषात असे.

हवेचा विषय त्यांच्यापुढे काढू नये. “1928 साली हवामान खात्यानं सिमल्याचं बिऱ्हाड मोडलं आणि कुठं थाटलं? पुण्यात! हिमालय सोडून शिवाजीनगर! ती माणसं काय अडाणी होती?” सिमला ऑफिसच्या चौकातून जाताना हे ते रिक्षावाल्यालाही ऐकवतात. मी एकदा धीर करून म्हटलं, “अण्णा, 30 एप्रिल 1897 ला पुण्यात 43.3 अंशांची नोंद आहे.” ते जेमतेम श्वास घेण्याइतके थांबले. “सत्त्याण्णव ना? प्लेगचं साल. तेव्हा सगळंच बिघडलं होतं.”

तर अशा माणसावर एसी बदलण्याची वेळ आली. मार्चमध्ये नातवंडांच्या स्वागताची पूर्वतयारी म्हणून चादर काढली, बटण दाबलं. आवाज आला, गारवा आला नाही. मेकॅनिक पोरानं नेहमीचं निदान केलं, “काका, गॅस भरावा लागेल.”

“गेल्या वर्षीही भरलास. तो काय शेगडीचा गॅस आहे, पोळ्या झाल्या की संपायला? तो आतल्या आत फिरतो. कमी झाला म्हणजे गळतोय. गळती दाखव.”

मुद्दा बिनतोड होता, आणि अण्णांचं दुर्दैव असं की गळती सापडली. कॉइलच सडलं होतं. त्यातून गॅस जुना आर-22, ओझोनच्या थराला घातक म्हणून हद्दपारीच्या वाटेवरचा. पोरगा म्हणाला, आता यावर खर्च करू नका. त्या दिवसापासून अण्णा भेटेल त्याला सांगू लागले, “1987 च्या माँट्रियल करारामुळे माझा एसी गेला.” सूर असा, की सहीच्या वेळी यांना विचारलं असतं तर यांनी आडकाठी केली असती.

नेमका त्याच सुमारास न्यू जर्सीतल्या मुलानं आपल्या तळघरातली घर ऊबदार ठेवणारी भट्टी आणि थंड हवेचं यंत्र असं सगळंच एकदम बदललं. कंत्राटदार आला, आकडा सांगितला, मुलानं सही केली. अण्णा फोन ठेवून बराच वेळ खुर्चीत बसून होते. पैशाचं दुःख नव्हतं. “एकच कोटेशन घेतलं गं त्यानं,” ते काकूंना म्हणाले. “आपल्या संस्कारात कुठं कमी पडलं?”

स्वतः मात्र त्यांनी कर्वे रोडवरचं एक दुकान सोडलं नाही. शर्टाच्या खिशात टेप, पँटच्या खिशात लोहचुंबक. कॉइल तांब्याचंच हवं, ही अट. का, तर वडिलांचा तांबट आळीतून घडवून आणलेला बंब अजून माळ्यावर आहे आणि अजून गळत नाही. त्यांनी एका दुकानात यंत्राच्या पोटाला चुंबक लावला, तो चिकटला नाही, आणि अण्णांनी विजयी मुद्रेनं आजूबाजूला पाहिलं. विक्रेता मुलगा अदबीनं म्हणाला, “काका, ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही.” अण्णा म्हणाले, “लोखंड नाही एवढं तर सिद्ध झालं!” आणि चुंबक खिशात टाकला.

त्याच मुलानं हिवाळ्यात गरम हवा देणारं मॉडेल दाखवायची चूक केली. “17 जानेवारी 1935 ला पुण्यात 1.7 अंश होतं,” अण्णांनी सुरुवात केली, “आमच्या वडिलांनी तो हिवाळा बंबावर काढला.” मुलगा सुटकेसाठी यंत्राच्या इतिहासात शिरला, तर तिथंही हेच. “1902 साली कॅरिअरनं हे कशासाठी काढलं ठाऊक आहे? ब्रुकलिनच्या छापखान्यात दमटपणानं कागद बिघडू नये म्हणून. म्हणजे हे मुळात माणसासाठी नाहीच. अप्पा बळवंत चौकात लावा, पुस्तकांना!”

पाच तारे की तीन, यावर मात्र घरात मोठी बैठक झाली. तारे ठरवताना सरकार वर्षाला 1600 तासांचा वापर धरतं, हे अण्णांनी हुडकून काढलं होतं. यांचा वापर फार तर पन्नास तास. कागद, पेन्सिल, महावितरणची जुनी बिलं, सगळं पसरून त्यांनी निकाल दिला: पाच ताऱ्यांचे जास्तीचे पैसे वसूल व्हायला सन 2160 उजाडेल.

“अहो, तोवर वॉरंटी कार्ड कुठं ठेवू ते सांगा,” काकू म्हणाल्या.

यात उन्हाळा गेला. नातवंडं पंख्याखाली झोपून, घामोळं घेऊन परतली. अण्णांना त्याची खंत नव्हती. “मे महिन्यात एसी घेतो तो गरजू, आणि गरजू माणूस दुकानदाराला लांबून ओळखू येतो.” पुढं 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा तर अण्णा सोसायटीच्या जिन्यात उभे राहून अभिनंदन स्वीकारत होते. मी थांबलो म्हणून सरकार नमलं, हे ते उघड बोलले नाहीत; नाकारलंही नाही.

बसवायच्या दिवशी ते शिडीखालून हलले नाहीत. आउटडोअर युनिट कुठं टांगायचं यावरून खालच्या मजल्याशी वाद झाला. ड्रेनचं पाणी त्यांच्या तुळशीत पडणार होतं. “एसीचं पाणी म्हणजे हवेतला बाष्पांश. पावसाइतकंच शुद्ध,” अण्णा वरून ओरडले. खालून उत्तर आलं, “मग तीर्थ म्हणून घ्या!” अखेर ड्रेनचा पाइप लांबवला गेला, आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे हा विषय सोसायटीच्या वार्षिक सभेच्या पत्रिकेत गेला.

एसी सुरू झाला तो 24 अंशांवर. 2020 पासून कारखान्यातूनच तशी मांडणी होऊन येते. अण्णांनी रिमोट हातात घेऊन तो 28 वर नेला. “24 सरकारचं. वरचे चार आमच्याकडून देशाला.” शिवाय पंखा दोनवर, आणि हवा खेळती राहावी म्हणून खिडकीची एक फट उघडी. काकूंनी ती बंद केली, त्यांनी उघडली.

मेकॅनिक पोरगं सामान आवरू लागलं तेव्हा अण्णांनी पाइपाचा उरलेला हातभर तुकडा मागून घेतला. तांबं ना, पैसे मोजलेत. दुसऱ्याच दिवशी तो पिशवीत घालून ते कसब्यात तांबट आळीत हजर झाले. कारागिरानं तुकडा उलटापालटा केला, नखानं दाबून पाहिला आणि म्हणाला, “पत्रा अगदीच पातळ आहे हो, अण्णा. फार तर संध्येची पळी निघेल.”

“पळी आहे घरात,” अण्णा म्हणाले. “पंचपात्राचं बघा.”